फोटोतली मधमाशी ओळखताना

आपल्या कवितेत भ्रमर, भृंग, मधुकर अशी कितीतरी नावं आहेत. प्रत्यक्षात मात्र फुलावर काही गुणगुणताना दिसलं, की आपण सरसकट 'मधमाशी' म्हणून मोकळे होतो. मोबाईलवर फोटो काढून नीट ओळख पटवायची असेल, तर पुढचे प्रश्न क्रमाने विचारा.

१. ही मधमाशीच आहे का? काही साध्या माश्यांच्या अंगावरही पिवळे-काळे पट्टे असतात. मधमाशीला चार पंख, साध्या माशीला दोन. पण फोटोत पंख एकमेकांवर आलेले असतात, म्हणून मिशा बघा. साध्या माशीच्या मिशा बहुधा अगदी आखूड, मधमाशीच्या लांब आणि कोपरासारख्या वाकलेल्या.

२. पराग कुठे आहे? सातेरी, फुलोरी, आग्या या माश्या तो मागच्या पायांवर गोळा करून नेतात. गुलाबाच्या पानांचे गोल तुकडे कापून नेणारी मेगाकायली तो पोटाखालच्या केसांत भरते.

३. पट्टे की ठिपके? तुळशीच्या मंजिऱ्यांवर पोटावर निळे पट्टे असलेली माशी दिसली, तर ती बहुतेक अमेजिला. निळे ठिपके असतील तर थायरियस. ही कोकिळेसारखी वागते. स्वतः घरटं न बांधता अमेजिलाच्या घरट्यात अंडं घालते. पिल्लांसाठी पराग नेत नाही, म्हणून तिच्या पायांवर परागाचा गोळा कधी दिसणार नाही.

४. आकार किती? नुसत्या फोटोवरून तो कळत नाही. सोबत ओळखीचं फूल किंवा पान येऊ द्या. आग्या माशी फुलोरीच्या जवळजवळ दुप्पट लांब असते. मात्र आग्या मोहोळाजवळ फोटोसाठी मुळीच जाऊ नका.

आता महत्त्वाचं. अमेजिलाच्या अनेक जाती इतक्या सारख्या दिसतात, की सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. मग फोटोखाली 'अमेजिला' एवढंच लिहायचं आणि थांबायचं. यात कमीपणा काही नाही. आपल्या भागात कोणती माशी आहे, कोणती नाहीशी झाली, हे उद्या कुणीतरी अशाच नोंदींवरून ठरवेल. अर्धवट नाव पुढे पूर्ण करता येतं; ठामपणे लिहिलेलं चुकीचं नाव मात्र खरं म्हणून पुढे चालत राहतं.

तेव्हा वरून, बाजूने आणि समोरून असे तीन फोटो घ्या. तारीख, ठिकाण आणि फुलाचं नाव लिहा. सुरुवात दारातल्या तुळशीपासून करा.