चालणे हे औषध, पण रस्ताही हवा



वस्तीत रक्तदाब आणि साखर तपासायला बसलो की आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो, "ताई, स्टेशनला कशाने जाता?" पूर्वी उत्तर यायचे, "चालत." आता बहुतेक जणी म्हणतात, "शेअर रिक्षाने." तरुण मुले म्हणतात, "गाडीने." मध्यंतरी एका घरात मुलाने हप्त्यावर मोटरसायकल घेतली. काही महिन्यांनी वडिलांची साखर फार वाढलेली निघाली. खोदून विचारले तेव्हा कळले, हप्ता चुकू नये म्हणून ते गोळी दिवसाआड घेत होते. म्हणून या वेळी प्रवासाबद्दल लिहीत आहोत.

चालण्याचा हिशोब

प्रौढ माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्टेशन १५ मिनिटांवर असेल तर जाऊन-येऊन ३० मिनिटे होतात, पाच दिवसांत १५०. त्यासाठी जिमची फी लागत नाही. चाल अशी ठेवा की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. याने रक्तदाब आणि साखर ताब्यात राहायला मदत होते. पण चालतो म्हणून गोळी बंद करायची नाही.

मधुमेह असलेल्यांनी झिजलेली चप्पल वापरू नये, रोज रात्री तळपाय तपासावेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जवळ साखर ठेवावी. चालताना छातीत दुखले किंवा खूप दम लागला तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा.

सायकल, बस, लोकल, बोट

वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या कारखान्यांत जाणाऱ्यांना सायकल परवडते. मागे लाल दिवा आणि डोक्यावर हेल्मेट मात्र हवेच. लांब जायचे तर महानगरपालिकेची बस घ्या. एका बसमधले पन्नास लोक मोटरसायकलवर बसवले तर किमान २५ गाड्या रस्त्यावर येतील. त्यांच्या धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण नाकात अडत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. दमा, खोकला आणि हृदयविकार त्याने वाढतात. हा धूर सगळ्यात जास्त कोण घेतो? महामार्गाला आणि रिक्षा स्टँडला लागून ज्यांची घरे आहेत ते, म्हणजे बहुधा आपणच.

भाईंदरला जायचे असेल तर वसई किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून रो-रो बोट आहे. ती फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. रस्त्याने सुमारे ३८ किलोमीटरचा फेरा पडतो, तर खाडीतून अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. सायकलही सोबत नेता येते.

लोकलबद्दल एकच कळकळीची विनंती. रूळ ओलांडू नका, दारात लटकू नका. रूळ ओलांडणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे. पण दंडाचे सोडा, पाच मिनिटे वाचवायला गेलेला माणूस घरी परत येत नाही, हे आम्ही नर्स म्हणून पाहिले आहे. पूल चढायला लागतो तोही व्यायामात धरा.

पावसाळ्यात

नालासोपारा, वसईत रस्ते तुंबतात. त्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. उतरावेच लागले तर घरी येताच साबणाने पाय धुवा आणि २४ ते ७२ तासांत आरोग्य केंद्रात जाऊन प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. ताप, अंगदुखी, लाल डोळे दिसले तर घरी थांबू नका. उघडी गटारे आणि चेंबर पाण्याखाली दिसत नाहीत, म्हणून अशा वेळी थोडा लांबचा, उंचावरचा रस्ता धरा.

रस्ता मागूया

"चाला" म्हणणे सोपे आहे. पण फुटपाथवर गाड्या उभ्या, रात्री दिवा नाही, बस वस्तीपर्यंत येत नाही, मग आमच्या मुली आणि म्हाताऱ्या आया चालणार कशा? रिक्षा किंवा हप्त्याची गाडी हा अनेकांचा नाइलाज आहे. त्यांना दोष देऊन काय होणार?

म्हणून येत्या रविवारी हे करूया. विहारात जमल्यावर वस्तीपासून स्टेशनपर्यंत सगळ्यांनी मिळून एकदा चालत जावे. कुठे दिवा बंद, कुठे चेंबर उघडे, कुठे बसथांबा हवा, हे वहीत लिहावे. त्याचा अर्ज करून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि प्रभाग समितीच्या कार्यालयात द्यावा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यायला विसरू नका. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असे म्हटले जाते.

आणि घरात हप्त्याची गाडी आली असेल, तर आजच वडिलांचा गोळ्यांचा डबा उघडून मोजा. किती शिल्लक आहेत ते पाहा.