आंबा बंद, मोसंबीचा रस चालू?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. आंबा, केळं, चिकू, सीताफळ आणि द्राक्षं त्यांनी कायमची सोडली. मे महिन्यात घरात आंब्याची पेटी उघडली की ते उठून अंगणात जाऊन बसतात. रोज सकाळी मात्र पेलाभर मोसंबीचा रस न चुकता घेतात, कारण ‘आजारी माणसाला तो देतातच’. तरी साखर आटोक्यात येत नाही. फळांतली साखर नैसर्गिक असते, तिने काही होत नाही, असंही काही जण सांगतात. मग त्यांनी नेमकं काय खावं आणि काय सोडावं?

उत्तर : तुमच्या सासऱ्यांचा निग्रह मोठा आहे, आणि म्हणूनच वाचून हळहळ वाटली. त्यांनी जे सोडलं, ते बेताने खाता आलं असतं; आणि जे धरून ठेवलं, तेच आधी सुटायला हवं होतं. तुमच्या एका पत्रात तीन शंका आहेत : फळातली साखर वेगळी असते का, रस आणि फळ सारखंच का, आणि वर्ज्य फळांची ती प्रसिद्ध यादी कितपत खरी. एकेक सोडवू.

आधी ‘नैसर्गिक’ हा शब्द घेऊ. उसातली साखरही नैसर्गिकच आहे. कारखान्यात ती फक्त वेगळी काढली जाते. फळांत मुख्यतः तीन साखरा असतात : ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज. सुक्रोज म्हणजे आपल्या डब्यातली साखर, आणि पिकलेल्या आंब्यात तिचाच वाटा मोठा असतो. आतड्यात तिचे दोन तुकडे होतात, एक ग्लुकोजचा आणि एक फ्रुक्टोजचा. ग्लुकोज रक्तात उतरतं आणि ग्लुकोमीटरवर दिसतं. फ्रुक्टोज आधी यकृताकडे जातं, म्हणून त्याने आकडा लगेच फारसा चढत नाही. पण ते रोज भरमसाट येऊ लागलं तर यकृत त्याची चरबी करून ठेवतं. तेव्हा फळातली साखर ही साखरच. ती कशात बांधून येते, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

मोसंबीची एक फोड सोलून उजेडात धरा. पातळ पापुद्र्याखाली रसाने भरलेल्या, थेंबाच्या आकाराच्या शेकडो लहान पिशव्या दिसतील. साखर त्या पिशव्यांत कोंडलेली असते. फोड चावून खाल्ली की त्या थोड्या थोड्या फुटतात. पापुद्र्यातला चोथा आणि पेक्टिन पोटात पाण्याने फुगून बुळबुळीत होतं आणि अन्न पुढे सरकायला वेळ लावतं. त्यामुळे साखर आतड्यात सावकाश झिरपते. रस काढला की पिशव्या एकदम फुटतात, चोथा गाळणीत राहतो आणि पेल्यात उरतं ते साखरेचं सुवासिक पाणी.

हा फरक १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात छान दिसला. दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिलं : अख्खं, लगदा करून आणि रस काढून. तिन्ही वेळा त्यातली कर्बोदकं, म्हणजे साखर आणि पिष्ट, सारखीच होती : ६० ग्रॅम. रस संपवायला लागलेल्या वेळाच्या अकरा पट वेळ अख्खी सफरचंदं खायला लागला. पोटभरीचं समाधानही सफरचंदांनी जास्त दिलं. रक्तातली साखर तिन्ही वेळा जवळपास सारखी चढली. पण रस प्यायल्यावर शरीराला जास्त इन्सुलिन सोडावं लागलं आणि नंतर साखर झपकन खाली आली; अख्ख्या फळाच्या वेळी तसं झालं नाही. निरोगी स्वादुपिंड हे जादा इन्सुलिन पुरवू शकतं. मधुमेहात तेच कमी पडतं किंवा नीट लागू होत नाही. मग रसाची साखर रक्तात रेंगाळत राहते.

आता सासऱ्यांचा पेला घ्या. तो भरायला तीन-चार मोसंबी लागतात आणि त्यात साधारण वीस ग्रॅम साखर उतरते. ज्यूस सेंटरवाल्याने वरून साखरेचा पाक घातला तर ती वेगळीच. रोज सकाळी अनशापोटी, अर्ध्या मिनिटात हे पोटात जातं. चार मोसंबी सोलून खायला सांगितल्या तर दोन झाल्यावर तेच ‘पुरे’ म्हणतील. पथ्याचा अर्धा भाग असा दातांनी सांभाळला जातो.

मात्र रसाचा हाच दोष एका वेळी गुण ठरतो. इन्सुलिन घेणाऱ्यांची किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची साखर कधी ७० च्या खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा साखर लवकर चढायलाच हवी असते. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर अर्धा कप रस किंवा तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. तेव्हा रसाची जागा औषधाच्या कपाटात आहे, न्याहारीच्या टेबलावर नाही.

आता ती यादी. वर्ज्य आणि चालणारी फळं बहुतेक वेळा जिभेने ठरवलेली असतात : गोड ते वाईट, आंबट-तुरट ते चांगलं. पण आंबटपणा साखर लपवतो, नाहीशी करत नाही. अननस, संत्रं आणि आंबटगोड द्राक्षं यांत साखर असतेच. तुरट जांभळातही असते, आणि जांभळाच्या बियांची पूड घेऊन डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करणं धोक्याचं आहे. शंभर ग्रॅम खाण्याजोग्या भागात किती कर्बोदकं असतात ते पाहा : कलिंगडात सात-आठ ग्रॅम, पपईत ११, पेरू आणि सफरचंदात १४, आंब्यात १५ किंवा थोडी जास्त, द्राक्षांत १८, चिकूत २०, केळ्यात आणि सीताफळात २३ च्या आसपास. आंबा आणि सफरचंद यांच्यात लोक मानतात तेवढी दरी नाही. खरी गोष्ट अशी की चार सफरचंदं कुणी एका बैठकीत खात नाही, आणि चार आंबे खाणारे प्रत्येक घरात असतात.

एक मध्यम हापूस काट्यावर ठेवून पाहा. तो अडीचशे ग्रॅमच्या आत-बाहेर भरेल. साल आणि कोय गेली की गर दीडशे ग्रॅम. म्हणजे कर्बोदकं २२ ते २५ ग्रॅम, जवळपास एका मध्यम पोळीइतकी. अर्ध्या हापूसचा हिशेब अर्ध्या पोळीचा. गडबड होते ती आमरसाच्या पंगतीत. एका वाटीत एक आंबा, आग्रहाने तीन वाट्या, सोबत चार पुऱ्या : कर्बोदकं शंभर ग्रॅमच्या पुढे जातात आणि दोष मात्र आंब्याला लागतो. डबाबंद आमरसात बहुधा वरून साखरही घातलेली असते.

कलिंगडाबद्दलची भीती थोडी वेगळी आहे. १९८१ साली टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेन्किन्स यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ मांडला. ठरावीक कर्बोदकं देणारा पदार्थ साखर किती वेगाने चढवतो, याचं हे मोजमाप. ग्लुकोजला १०० धरलेलं. त्यात कलिंगड ७६ च्या आसपास येतं आणि पांढरा भात ७३ च्या. हे वाचून लोक कलिंगड टाकतात आणि भात वाढून घेतात. पण कलिंगड म्हणजे बहुतांशी पाणी. त्याच्या सव्वाशे ग्रॅम फोडीत कर्बोदकं नऊ-दहा ग्रॅम, तर दीडशे ग्रॅम भातात चाळीस. निर्देशांकाबरोबर प्रमाणही हिशेबात घेतलं, ज्याला ‘ग्लायसेमिक लोड’ म्हणतात, तर फोडीचा भार सातेक येतो आणि भाताचा तिसाच्या जवळ. वेग आणि प्रमाण दोन्ही पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

केळ्याच्या बाबतीत आकार आणि पिकलेपण दोन्ही बघा. कच्च्या केळ्यातलं पिष्ट पिकताना साखरेत बदलतं, म्हणून सालीवर काळे ठिपके आलेल्या केळ्यापेक्षा नुकतं पिकलेलं बरं. लांबलचक केळ्यात २५ ग्रॅमहून जास्त कर्बोदकं असू शकतात. एखादं वेलची केळं त्याच्या निम्म्यावर भागतं. त्याचं शिकरण केलं, दूध-साखर घातली की हिशेब पुन्हा बदलतो. खजूर आणि बेदाणे पौष्टिक असले तरी त्यांतलं पाणी गेलेलं असतं आणि वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग साखरेचा असतो. उपासाच्या दिवशी मूठमूठ बेदाणे तोंडात जातात. तेवढी द्राक्षं मोजून समोर ठेवली तर आपणच चकित होऊ.

मग एवढी मोजदाद करण्यापेक्षा फळं सोडून देणंच सोपं नाही का? सोपं आहे, पण शहाणपणाचं नाही. चीनमध्ये सुमारे पाच लाख प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना आधीच मधुमेह होता, त्यांच्यातले आठवड्यातून तीनपेक्षा जास्त दिवस ताजी फळं खाणारे आणि क्वचितच खाणारे यांची तुलना केली, तेव्हा फळं खाणाऱ्यांत मृत्यूचं आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचं प्रमाण कमी आढळलं. फळांनीच हे घडवलं, असं अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. पण ताज्या फळाला घाबरण्याचं कारण त्यात दिसलं नाही, हे नक्की. चोथा, क जीवनसत्त्व, पोटॅशियम हे सगळं गोळीतून तितक्या चवीने मिळत नाही.

मूत्रपिंडाचा विकार असेल तर पोटॅशियममुळे केळं, संत्रं आणि शहाळं यांवर मर्यादा येऊ शकते, आणि साखर फार चढलेली असेल तर आधी उपचार बदलावे लागतात. म्हणून डॉक्टरांना विचारून मग पुढची गोष्ट करा. रसाचा पेला बंद करा; त्याऐवजी अकराच्या सुमाराला एक मोसंबी किंवा मध्यम पेरू चावून खाऊ द्या. फळ भरल्या पोटावर जादा म्हणून नको. ते जेवणातल्या कशाच्या तरी बदल्यात हवं, किंवा दोन जेवणांच्या मध्ये.

आणि येत्या मे महिन्यात पेटी उघडाल तेव्हा सासऱ्यांना अंगणातून आत बोलवा. त्यांच्या ताटात एक पोळी कमी वाढा, भात टाळा, भाजी-उसळ नेहमीसारखी ठेवा आणि अर्ध्या हापूसच्या फोडी बाजूला मांडा. जेवणाआधी एकदा आणि दोन तासांनी पुन्हा ग्लुकोमीटरवर मोजा. दोन-तीन दिवसांचे आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. सगळ्यांची शरीरं सारखी नसतात. त्यांना किती फोडी मानवतात ते त्यांच्याच रक्तातून कळेल. शेजारणीच्या यादीपेक्षा ती वही जास्त भरवशाची.