घराचा थंडावा : किंमत आणि खर्च

चैत्र सरत आला की नागपूर, अकोला, चंद्रपूर या जिल्ह्यांत घरोघरी एकच विचार सुरू होतो. यंदाचा उन्हाळा कसा काढावयाचा? मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी वृद्ध, अर्भके आणि रुग्ण यांच्या दृष्टीने थंडावा हा जिवाचा प्रश्न ठरतो. मग दुकानातील किंमत पाहून, प्रसंगी हप्त्यांवर, यंत्र आणले जाते. परंतु यंत्राची किंमत आणि थंडाव्याचा खर्च या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आधी छप्पर

वरच्या मजल्यावरील किंवा पत्र्याच्या घरात सर्वांत अधिक उष्णता छपरातून येते. पांढरा पृष्ठभाग सूर्यकिरण परावर्तित करतो. म्हणून गच्चीला चुन्याचा हात दिल्यास खोलीचे तापमान काही अंशांनी उतरते. हा चुना पावसाने धुऊन जातो. तेव्हा हे काम दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी करावे. छप्पर तापलेले ठेवून घेतलेले यंत्र मोठे घ्यावे लागते आणि अधिक काळ चालवावे लागते.

हवा पाहून साधन

पाण्याचे बाष्प होताना ते हवेतील उष्णता शोषून घेते. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर यांचे कार्य याच तत्त्वावर चालते. एक लिटर पाण्याच्या बाष्पीभवनास सुमारे ०.६७ युनिट इतकी उष्णता लागते. विदर्भाच्या कोरड्या हवेत हे साधन उत्तम चालते. कोकणच्या दमट हवेत ते निरुपयोगी ठरते. वातानुकूलन यंत्राची क्षमता टनांत सांगतात. एक टन, म्हणजे २,००० पौंड, बर्फ २४ तासांत वितळण्यास जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता एक टनाचे यंत्र तेवढ्या वेळात खोलीबाहेर टाकते.

दहा वर्षांचा हिशेब

उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. साधन रोज ८ तास, वर्षातून ९० दिवस, म्हणजे ७२० तास चालते. वीज ८ रुपये युनिट आहे. कूलर १०,००० रुपयांस आला, तासाला ०.२ युनिट वीज घेतो आणि ताट्या, पंप व किरकोळ दुरुस्तीस वर्षाला १,००० रुपये लागतात. दहा वर्षांत एकूण खर्च ३१,५२० रुपये होतो.

वातानुकूलन यंत्र नळी, कंस व जोडणीसह ४२,००० रुपयांस बसले, तासाला सरासरी १.२ युनिट वीज घेते आणि देखभालीस वर्षाला १,५०० रुपये लागतात. त्याचा दहा वर्षांचा खर्च १,२६,१२० रुपये होतो. त्यात खरेदीचा वाटा केवळ एक तृतीयांश आहे. वीजच ६९,१२० रुपयांची लागते. शिवाय वापर वाढला की वीजबिलात वरच्या टप्प्याचा दर लागू होतो. मंजूर भार अपुरा असल्यास तोही वाढवून घ्यावा लागतो.

जुने यंत्र बदलताना

ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या ताराचिन्हपट्टीवर वर्षाचा वीजवापर छापलेला असतो. तो १,६०० तासांच्या वापरावर आधारलेला आहे. आपल्या तासांप्रमाणे त्याचे प्रमाण काढावे. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू माँट्रियल करारान्वये २०३० पर्यंत जवळजवळ पूर्णपणे बंद करावयाचा आहे. म्हणून असा वायू वारंवार गळत असेल, तर पुनःपुन्हा भरण्यापेक्षा यंत्र बदलणे हिताचे. तापमान एका अंशाने वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्यूरो सांगतो. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे मुळात २४ अंशांवरच सुरू होतील, अशी तरतूद आहे.

सुरक्षिततेत काटकसर नको

लोखंडी कूलर, पाणी आणि वीज यांच्या संयोगाने दर उन्हाळ्यात जीव जातात. भूसंपर्क (अर्थिंग) आणि गळतीरोधक स्विच यांचा खर्च हा खरेदीचाच भाग समजावा. पाणी भरताना वीज बंद करून प्लग काढावा. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी करावी. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

शिक्षकांनी हा हिशेब वर्गात मुलांकडून त्यांच्या घरच्या वीजबिलावरून करवून घ्यावा. ग्रामपंचायतींनी शाळा, अंगणवाडी व कार्यालय यांसाठी साधन घेताना दरपत्रकाच्या शेजारी दहा वर्षांच्या खर्चाचा एक रकाना मांडावा. स्वस्त काय आणि महाग काय, हे त्या रकान्यातच कळेल.