सीतेची आसवे

नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाताना डाव्या हातास अंजनेरीचा डोंगर दिसतो. वैशाखात त्याच्या माथ्यावरील कातळ तव्यासारखा तापतो. परंतु श्रावण-भाद्रपदात पाहावे, तर तोच कातळ निळ्याजांभळ्या फुलांनी नटलेला असतो. वीतभर उंचीच्या या चिमुकल्या रोपांना लोक ‘सीतेची आसवे’ म्हणतात. पंचवटीच्या परिसरात हे नाव ऐकताच सीतेचा वनवास आठवल्यावाचून राहत नाही.

कातळावर माती बोटभरच असते; तीतही नत्र फार थोडे. शिवाय या रोपाला खरी मुळे नसतात. मातीतील त्याच्या तंतूंना मोहरीहूनही लहान अशा पिशव्या असतात. पाण्यातील एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला, की तिचे झाकण आत उघडते आणि पाण्याबरोबर तो आत ओढला जातो. डोळ्याचे पाते लवण्यापूर्वीच हे सारे घडते! मातीत जे मिळत नाही, ते रोप अशा रीतीने मिळवते.

अन्नापेक्षाही येथे वेळ अपुरा असतो. पावसाळा सरला, की कातळ सुकू लागतो. तोवर रुजणे, वाढणे, फुलणे आणि बी धरणे हे सारे उरकावे लागते. मग रोप मरते. बी मात्र पुढच्या पावसाची वाट पाहत राहते.

दूर उत्तरेकडील आइसलँडमध्ये ‘कोनिगिया’ नावाचे असेच एक वर्षायू रोप आहे. ते हिमालयाच्या उंच भागांतही आढळते. त्याची उंची जेमतेम काही सेंटीमीटर असते. येथे घाई कोरडीमुळे, तर तेथे थंडीमुळे. आखूड उन्हाळ्यातच त्याला आपले जीवनकार्य संपवावे लागते. लिनियस यांनी १७६७ मध्ये त्याला आपले शिष्य योहान कोनिग यांचे नाव दिले. हेच कोनिग १७६८ मध्ये आजच्या तमिळनाडूतील तरंगंबाडी येथे आले आणि त्यांनी भारतातील वनस्पतींचा अभ्यास केला.

मोठ्या वृक्षाचे फूल तोडले, तर पुढील वर्षी त्याच वृक्षाला पुन्हा फूल येते. या रोपांना मात्र दुसरे वर्ष नाही. बी धरण्यापूर्वीच ती पायाखाली तुडवली गेली, तर पुढच्या पिढीचे बीजच बुडते. म्हणून कातळावर जाणाऱ्याने पाऊल जपून टाकावे.

स्वाध्याय
१. कातळावरील रोपाला अन्न कसे मिळते?
२. ‘सीतेची आसवे’ व ‘कोनिगिया’ यांत कोणते साम्य आहे?
३. वर्षायू रोपे तुडवू नयेत, असे का म्हटले आहे?