सपाट नदीकाठच्या गावातील धावण्याच्या वाटा
(इयत्ता ५ ते ७ : शारीरिक शिक्षण, गणित व परिसर अभ्यास यांचा समवाय पाठ)

प्रास्ताविक

पुष्कळ शाळांना पुरेसे क्रीडांगण नसते. जेथे ते आहे तेथेही पावसाळ्यात चिखल होतो. अशा वेळी धावण्याचा तास बुडतो. परंतु ज्या गावाला शिवार आहे त्या गावाला धावण्यासाठी जागा नाही, असे म्हणता येणार नाही. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे बालपणी सहा किलोमीटर दूरच्या शाळेत पायी अथवा धावत जात. त्यांनी २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीचे सुवर्णपदक मिळविले. प्रत्येक मूल असा धावपटू होणार नाही आणि पाठाचा तो हेतूही नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे अंगमेहनतीची हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. ती मिळावी, आणि धावता धावता मुलाला आपले गाव कळावे, एवढाच हेतू आहे.

नमुन्यादाखल येथे सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील कृष्णाकाठ घेतला आहे. भिलवडी, अंकलखोप, औदुंबर, ब्रह्मनाळ ही गावे या पट्ट्यात येतात. जमीन सपाट, माती काळी, पीक मुख्यतः उसाचे आणि एका अंगाला नदी, असा येथील परिसर आहे. गोदावरी, भीमा वा तापी यांच्या काठच्या शिक्षकांनी आपल्या गावाप्रमाणे फेरफार करून घ्यावा.

सपाट म्हणजे सारखे नव्हे

पाठाचा प्रारंभ प्रश्नोत्तरांनी करावा.

गुरुजी : आपल्या गावात डोंगर नाही. मग सगळ्या वाटा सारख्याच का?
विद्यार्थी : नाही गुरुजी, पाणंदीत पाय रुततो.
गुरुजी : आणि घाटावरून वर येताना?
विद्यार्थी : दम लागतो.

या उत्तरांतूनच पुढचा विषय निघतो. जुन्या गावांची वसती ‘पांढरी’वर आणि शेती ‘काळी’त, असा भेद आपल्याकडे पूर्वापार आहे. पांढरीची जमीन बहुधा किंचित उंच व घट्ट असते. काळी माती पावसात चिकट होऊन पायाला लागते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. अशा भेगेत पाऊल अडकल्यास घोटा मुरगळतो. डांबरी रस्ता सपाट खरा, पण अनवाणी मुलाच्या तळव्याला तो कठीण व उन्हात तापलेला असतो. यावरून, वाट निवडताना अंतरापेक्षा पायाखालची जमीन आधी पाहावी, हा नियम मुलांच्या ध्यानात आणून द्यावा.

तीन प्रकारच्या वाटा

१. पांढरीची फेरी : शाळेपासून निघून वेस, चावडी, पार अशी गावठाणाभोवती फिरून परत शाळेत येणारी ही वाट. मूल कोठेही थकले तरी घरे जवळ असतात. लहान वर्गांसाठी व पावसाळ्यासाठी ही उत्तम.

२. पाणंदीची वाट : शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटेने ठराविक खुणेपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत यावे. मोकळ्या सपाट रानात वाऱ्याला आडोसा नसतो. म्हणून जाताना वारा समोरून व येताना पाठीमागून मिळेल अशी दिशा निवडावी. मूल ताजे असताना वाऱ्याशी झुंजते आणि दमल्यावर वारा त्याला साहाय्य करतो.

३. घाटाची वाट : सपाट गावात चढ शोधावयाचा तर तो नदीकडून गावात येणाऱ्या रस्त्यावरच सापडतो. पन्नास-साठ मीटरांचा हा चढ धावत चढणे व चालत उतरणे, असे चार-पाच वेळा करणे मोठ्या मुलांना पुरेसे आहे. दगडी पायऱ्यांवर मात्र धावू नये. पावसानंतर त्यांवर शेवाळ धरते.

वाट मोजणे

हा भाग गणिताच्या तासाला घ्यावा. साहित्य : सायकल, मोजपट्टी, सुतळी, चुन्याची फक्की.

सायकलच्या पुढच्या चाकाला एका जागी चिंधी बांधावी. शाळेच्या अंगणात मोजपट्टीने ४२ मीटर अंतर आखून सायकल सरळ ढकलत न्यावी व चाकाचे फेरे मोजावेत. समजा, २० फेरे झाले. तर एका फेऱ्याचे अंतर २ मीटर १० सेंटिमीटर. आता एक किलोमीटरला किती फेरे लागतील, हे मुलांनी काढावे. १००० ला २.१ ने भागल्यास उत्तर सुमारे ४७६ येते.

मोठ्या मॅरेथॉन शर्यतींची ४२.१९५ किलोमीटरची वाटही अशीच, अंतर पडताळून घेतलेल्या सायकलच्या चाकाने मोजतात, हे मुलांना अवश्य सांगावे. तेथे वाट चुकूनही आखूड राहू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर अधिक धरतात. हाच नियम लावून मुलांनी आपली खूण ४७७ व्या फेऱ्यावर करावी. वळणावर मूल नेहमी आतल्या अंगाने धावते. म्हणून मोजतानाही सर्वांत जवळचा मार्ग धरावा.

सावधगिरी

या भागाकडे दुर्लक्ष करून केवळ धावण्याचा उत्साह दाखविणे घातक ठरेल.

(अ) गळीत हंगामात, म्हणजे साधारण कार्तिकापासून फाल्गुन-चैत्रापर्यंत, उसाचे ट्रॅक्टर व बैलगाड्या रस्त्यावर असतात. जोडट्रॉलीला चटकन थांबता येत नाही. त्या दिवसांत मोठा रस्ता वर्ज्य करावा. रस्त्याने जाणे अटळ असल्यास उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे, एकामागे एक जावे.

(आ) उभ्या उसामुळे पाणंदीच्या वळणावर पलीकडचे काही दिसत नाही. तेथे धावणे थांबवून चालावे. बिबट्याचा वावर आढळलेल्या भागात पहाटे व तिन्हीसांजेला उसातील वाट घेऊच नये.

(इ) कृष्णेच्या या भागात मगरी आहेत. घाटाच्या वरच्या पायरीच्या खाली कोणीही जाऊ नये. घाम आला म्हणून पाण्यात उतरण्याची मुलांची ओढ शिक्षकांनी आधीच ओळखावी.

(ई) निघताना व परतल्यावर हजेरी घ्यावी. पुढे एक जाणता विद्यार्थी आणि सर्वांच्या शेवटी स्वतः शिक्षक असावेत. शिक्षक पुढे धावले, तर मागे बसलेले मूल कोणालाच दिसत नाही.

(उ) धावताना मुलाला शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल, तर वेग अधिक झाला असे समजावे. उपाशी मुलाला धाववू नये आणि शाळेतील भोजनानंतर लगेचही धाववू नये. ही विचारपूस खाजगीत करावी. चारचौघांत ‘जेवलास का?’ असे विचारल्यास गरीब मूल खोटे बोलते.

(ऊ) मुलींना वेगळे बसवून ठेवू नये. अंतर वयाप्रमाणे ठरवावे. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नसावा. ज्यांच्या घरी यास विरोध असेल त्या पालकांना एकदा वाट पाहावयास बोलवावे. सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत धावल्या, हे उदाहरण त्यांना पटण्याजोगे आहे.

पुराची खूण

या पाठाचा सर्वांत मोलाचा भाग हाच होय. कृष्णाकाठाने २००५, २०१९ व २०२१ साली महापूर पाहिले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ नदीची इशारा पातळी ४० फूट व धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. २०१९ साली तेथे पाणी ५७ फुटांवर गेले होते. त्याच पुरात ८ ऑगस्ट रोजी ब्रह्मनाळ येथे ग्रामस्थांना सुरक्षित स्थळी नेणारी नाव उलटून अनेकांचे प्राण गेले.

सपाट जमिनीचे उंचसखलपण डोळ्यांना दिसत नाही. पाणी मात्र ते अचूक ओळखते. म्हणून मुलांनी प्रत्येक वाटेवर घरोघरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे : “आजोबा, पाणी पहिल्यांदा कोठून आत आले? कोणता रस्ता आधी बंद झाला? कोणता शेवटपर्यंत उघडा राहिला?” उत्तरे नकाशावर मांडावीत. आधी बुडणारी वाट निळ्या रंगाने व उशिरापर्यंत कोरडी राहणारी वाट तांबड्या रंगाने दाखवावी. ज्यांच्या घरातील माणूस पुरात गेले असेल त्यांना प्रश्न विचारून दुखवू नये, हेही मुलांना बजावावे.

तांबडी वाट मुलांच्या पायांखालून वर्षभर गेली, म्हणजे ती त्यांना अंधारातही ठाऊक राहील. पाणी वाढू लागताच घरच्यांसह याच वाटेने वेळेवर बाहेर पडावे. वाहत्या पाण्यातून जाण्याचे धाडस कोणी करू नये, हे निक्षून सांगावे.

अंतराचे प्रमाण

इयत्ता ५ साठी ८०० मीटर, ६ वीसाठी एक किलोमीटर व ७ वीसाठी दीड किलोमीटर हे प्रारंभी पुरे. पहिल्या दोन आठवड्यांत निम्मे अंतर चालावे, निम्मे धावावे. गावातील तरुण पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्याचा सराव पहाटे रस्त्यावर करीत असतात. त्यांचे अनुकरण लहान मुलांनी करू नये. मात्र वाट मोजून खुणा करण्याच्या कामी त्या तरुणांचे साहाय्य जरूर घ्यावे.

स्वाध्याय

१. चाकाच्या एका फेऱ्याचे अंतर २ मीटर असल्यास ८०० मीटरला किती फेरे लागतील?
२. एक मुलगी एक किलोमीटर वाऱ्याविरुद्ध ७ मिनिटांत गेली व ६ मिनिटांत परतली. दर किलोमीटरला सरासरी किती वेळ लागला?
३. गावातील सर्वांत सखल व सर्वांत उंच जागा कोणती? ती कशावरून ओळखली?

मुलांनी तयार केलेला नकाशा वर्गात लावावा आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीस द्यावी. दरवर्षी जून महिन्यात नव्या वर्गाने तो वाटेवरून चालून पुन्हा पडताळून पाहावा. मधल्या काळात रस्ते बदलतात, नवे बांध पडतात, ओढे बुजतात. म्हणून मागील वर्षाच्या नकाशावर विसंबून राहू नये.