तोंडभर पक्के दात : अमेरिकेत चाळीस लाख, आपल्याकडे सहा लाख, पण कशाचे?

गेल्या दोन महिन्यांत वाचकांकडून एकाच विषयावर चार-पाच विचारणा झाल्या. सगळे दात पडले आहेत, कवळी हलते, स्क्रूचे पक्के दात बसवायचे तर खर्च किती? एकाने लिहिले, ‘मुलगा न्यूजर्सीला असतो. तो म्हणतो, तिथल्या मानाने भारतात हे फुकटच आहे, करून टाका.’

मी दंतवैद्य नाही, एम.बी.बी.एस. आहे. परंतु असे दात बसवण्यापूर्वी साखर आणि रक्तदाब पाहून ‘फिटनेस’ घेण्यासाठी रुग्ण माझ्याकडेच येतात आणि येताना खर्चाचा अंदाजपत्रकाचा कागदही आणतात. असे बरेच कागद मी वाचले आहेत. त्यातली खाली लिहिलेली रक्कम सगळ्यांच्या लक्षात राहते, वरच्या ओळी कोणी वाचत नाही.

आधी हे दात म्हणजे काय ते समजून घेऊ. जबड्याच्या हाडात टायटॅनियम या धातूचा लहानसा स्क्रू बसवतात. त्याला इम्प्लांट म्हणतात. काही महिन्यांत हाड त्याला घट्ट धरते, मग त्यावर दात चढवतात. स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडावर वेगळाच प्रयोग करताना पाहिले की टायटॅनियमचा तुकडा हाडातून निघता निघत नाही. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तो गृहस्थ २००६ साली वारला, तोवर ते जागेवर होते. तेव्हा शास्त्र पक्के आहे, त्याबद्दल शंका नको.

पुष्कळांना वाटते, बत्तीस दातांना बत्तीस स्क्रू. तसे नसते. एका जबड्यात चार ते सहा स्क्रू बसवून त्यावर दहा-बारा दातांची अखंड पट्टी घट्ट आवळतात. चार स्क्रूंची पद्धत पोर्तुगालच्या डॉ. मालो यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस रूढ केली आणि आज जाहिरातींत दिसते ती बहुधा हीच.

आता भाव. वरचा व खालचा दोन्ही जबडे धरून, अगदी ढोबळ आकडे असे : अमेरिकेत चाळीस ते साठ हजार डॉलर, म्हणजे पस्तीस ते पन्नास लाख रुपये. इंग्लंडमध्ये खाजगीत वीस ते तीस हजार पौंड. हंगेरीत याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून ऑस्ट्रियाच्या सीमेजवळच्या तिथल्या गावांत परदेशी पाहुण्यांवर चालणारे दवाखाने ओळीने आहेत. मेक्सिकोत लॉस अल्गोदोनेस नावाचे एक छोटे गाव आहे. तिथे शेकडो दंतवैद्य आहेत आणि अमेरिकन म्हातारेकोतारे सीमा ओलांडून पायी दात करायला जातात. तिथला भाव अमेरिकेच्या निम्मा किंवा त्याहून कमी. तुर्कस्तान आणखी स्वस्त. आपल्याकडे पुण्या-मुंबईत चार ते आठ लाख. दाताचे साहित्य भारी निवडले तर याहून वर.

स्क्रू तोच आणि भावात एवढा फरक का? स्क्रूची स्वतःची किंमत एकूण बिलात लहान असते. स्विस कंपनीचा स्क्रू महाग, कोरियन स्वस्त, पण त्याने भाव दहापट होत नाही. पैसे जातात ते डॉक्टरच्या हाताला, जागेच्या भाड्याला, विम्याच्या हप्त्याला आणि दात घडवणाऱ्या लॅबच्या कारागिराला. अमेरिकेत दंतवैद्य शिकून बाहेर पडतो तेव्हा अनेकांच्या डोक्यावर अडीच-तीन लाख डॉलरचे कर्ज असते. ते शेवटी रुग्णाच्याच तोंडातून वसूल होते. शिवाय तिथल्या म्हाताऱ्यांचा सरकारी विमा एरवीच्या दातांच्या कामाला पैसे देत नाही. इंग्लंडची सरकारी सेवाही इम्प्लांट सहसा देत नाही, तोंडाच्या कर्करोगानंतर वगैरे क्वचितच. आपल्या बहुतेक आरोग्य विम्यांतही अपघात सोडला तर हे बसत नाही. म्हणजे सगळीकडे खिशातूनच.

म्हणून मुलाचे गणित एका अर्थी बरोबर आहे. पण ते त्याच्या पगाराचे गणित आहे. निवृत्त माणसाला सहा लाख म्हणजे फंडाचा मोठा तुकडा. अमेरिकेत चाळीस लाख पडतात म्हणून आपले चौतीस लाख वाचत नाहीत. आपल्या खात्यातून सहा लाख जातातच.

माझे एक रुग्ण, एस.टी.तून निवृत्त झालेले, साडेसहा लाखांचा कागद घेऊन आले. मुदतठेव मोडायची तयारी होती. मी विचारले, त्रास नेमका कशाचा? म्हणाले, खालची कवळी. वरची छान बसते. आणि हे शंभरातल्या बहुतेकांचे असेच असते. वरची कवळी टाळूला हवेच्या दाबाने चिकटून राहते. खाली टाळू नाही, जीभ सारखी हलते आणि दात गेल्यावर खालचे हाड भराभर झिजते, त्यामुळे कवळीला बसायला जागाच उरत नाही. अशांसाठी मधला मार्ग आहे : खालच्या जबड्यात पुढे फक्त दोन स्क्रू आणि त्यावर बटणासारखी टिचकन बसणारी, रात्री काढून धुता येणारी कवळी. २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी पहिली निवड हीच असावी असे सांगितले. खर्च आपल्याकडे लाख-सव्वा लाखाच्या आसपास. त्या गृहस्थांनी तेच केले. वरची कवळी जुनीच आहे. भाकरी खातात, शेंगदाणेही. मला आश्चर्य याचे वाटते की त्या साडेसहा लाखांच्या कागदावर या पर्यायाचा उल्लेखच नव्हता.

कागद हातात आला की त्यावर काय नाही ते शोधावे. स्कॅन, उरलेले दात काढणे, हाड भरणे हे धरले आहे का? पहिल्या दिवशी बसवतात ते दात बहुधा तात्पुरते, ॲक्रिलिकचे असतात. पक्के दात तीन ते सहा महिन्यांनी. त्या पक्क्या दातांचे पैसे रकमेत आहेत की वेगळे? चार आठवड्यांच्या रजेवर येणाऱ्या परदेशस्थ मंडळींचा इथेच घोळ होतो. रजेत अर्धेच काम होते. दुसऱ्या फेरीचे विमानभाडे आणि नंतर स्क्रू सैल झाला तर तिकडचा डॉक्टर दुसऱ्याच्या कामाला हात लावील का, हेही हिशेबात धरावे.

आता माझ्या अखत्यारीतले. मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट नाही असे नाही, पण तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात आणूनच करावे. तंबाखू, विडी-सिगारेट चालू असेल तर पैसे जपून खर्च करा : धूम्रपान करणाऱ्यांत स्क्रू निकामी होण्याचे प्रमाण साधारण दुप्पट असते. मिसरी लावणाऱ्या भगिनींनी, मिसरी म्हणजे तंबाखूच, हे विसरू नये. हाडे ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा सलाईनमधून देतात ते किंवा आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या चालू असतील तर दात काढण्याआधीच दंतवैद्यांना सांगा. त्या औषधांनी क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही. डोक्या-मानेला किरणोपचार झाले असतील तरी सांगा. रक्त पातळ ठेवण्याची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. दातापायी हृदयाची गोळी सोडून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

हलणारा नसलेला, दुरुस्त होणारा दात केवळ पट्टी सलग बसावी म्हणून काढा असे कोणी सुचवले, तर दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्यावे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे रांग लागते, पण सल्ला मिळतो आणि साधी कवळीही बाहेरपेक्षा स्वस्तात होते.

काम झाल्यावर एक कागद मात्र मागून घ्या : स्क्रूची कंपनी, लांबी-जाडी, बॅच क्रमांक. प्रत्येक कंपनीचा स्क्रू फिरवायची किल्ली वेगळी असते. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरपुढे बसाल तेव्हा तो आधी तेच विचारील. रेशनकार्डाबरोबर ठेवलात तरी चालेल.