काचपात्रातील ऊती आणि स्तनाचा कर्करोग

वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) येथे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे. स्तनातील गाठ दुखत नाही म्हणून ती अंगावर काढली जाते, हा ग्रामीण भागातील सर्वसाधारण अनुभव होय. वस्तुतः गाठ हाताला लागण्यापूर्वीच शरीरात पुष्कळ काही घडून गेलेले असते. ते जाणून घेण्यासाठी शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत ऊती वाढवून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे निरीक्षण करतात.

आपल्या देशात या कार्याचा पाया डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी घातला. पुण्यात जन्मलेल्या या विदुषीने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांवरील प्रयोगांतून त्यांनी स्तनाचा कर्करोग, आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास केला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब देण्यात आला. मुंबईतच डॉ. सत्यवती शिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कर्करोगाच्या पेशींची अंतर्रचना अभ्यासली.

सपाट काचेवर पेशी वाढतात. परंतु शरीरातील मांडणी तेथे राहत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी अमेरिकेत बर्कली येथील डॉ. मीना बिसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशी जेलीसारख्या मऊ पदार्थात वाढविल्या. दूधग्रंथीच्या निरोगी पेशींनी तेथे पोकळ, रेखीव गोल तयार केले. कर्करोगाच्या पेशींच्या मात्र वेड्यावाकड्या गुठळ्या झाल्या. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पेशीच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाचे कार्य रोखताच कर्करोगाच्या पेशीही पुन्हा सुव्यवस्थित मांडल्या गेल्या. पेशीच्या वर्तनावर तिच्या परिसराचाही प्रभाव असतो, हे यातून स्पष्ट झाले.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ऊतींचे अतिशय पातळ काप घ्यावे लागतात. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक लेसर किरणांच्या साहाय्याने एका वेळी एकाच पातळीचे चित्र टिपतो. जणू कांदा न कापता त्याचा एकेक पापुद्रा पाहावा. त्यामुळे पोकळी भरत जाणे, पेशींची दिशा बिघडणे आणि त्यांनी भोवतीचे पटल भेदणे हे टप्पे जिवंत ऊतींत क्रमाने पाहता येतात.

हे आरंभीचे बदल घरी दिसणे शक्य नाही. गाठ, स्तनाच्या त्वचेवरील खळी किंवा स्तनाग्रातून होणारा रक्तस्राव मात्र लक्षात येऊ शकतो. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरील स्त्रियांच्या तपासणीची तरतूद आहे. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. तथापि त्याचा निर्णय ऊतींच्या तपासणीनेच होतो. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व आशा कार्यकर्त्या यांनी ग्रामसभेत आणि बचत गटांच्या बैठकांत हा विषय निःसंकोचपणे मांडल्यास अनेक भगिनी वेळीच दवाखान्यात पोहोचतील.